दर पापस्वीकारात मी एकच गोष्ट सांगते

प्रश्न : मी वसईत राहते. वय ३९. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स पाहते. पहाटे पावणेपाचला उठते, पाणी भरते, पाच जणांचा नाश्ता आणि डबे करते आणि सातची लोकल गाठते. घरी पती, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. पती चांगले आहेत. दारू नाही, आवाज चढवत नाहीत. पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या कामात, तर सगळ्यांच्या पुढे असतात. रविवारी वाचन करतात, गरिबांना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉल सोसायटीत आहेत, सणाला खुर्च्या उचलतात, पंगतीत वाढतात. गेल्या पवित्र गुरुवारी, ईस्टरच्या आधीच्या, फादरांनी ज्या बारा जणांचे पाय धुतले त्यात हेही होते. घरी मात्र स्वतःचं ताटही उचलत नाहीत. सासूबाई म्हणतात, ‘बायबलात पौलाने लिहिलंय, पती हा पत्नीचं मस्तक आहे. त्याने का भांडी घासायची?’ मुलीला भांड्यांना बसवतात. मुलगा वेदीसेवक आहे, चर्चच्या उपासनेत फादरांना मदत करतो, म्हणून त्याला सूट. संध्याकाळी सगळे रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, बसतात तेव्हा मी आतून चपात्या लाटत ‘नमो मरिये’ म्हणते. कधी कधी इतका राग येतो की भांडी आपटते. मग दर महिन्याला पापस्वीकारात तेच सांगते, ‘फादर, मी कुरकुर केली.’ घरची शांती न मोडता पतींशी कसं बोलू? आणि ही कुरकुर खरंच पाप आहे का?

उत्तर :

प्रिय भगिनी,

पापाचं आधी बोलू. तो प्रश्न तुम्ही अगदी शेवटी विचारलात, पण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त छळतो आहे, असं पत्र वाचताना मला जाणवलं.

थकणं पाप नाही. थकल्यावर राग येणं हेही पाप नाही. भावना स्वतः चांगली किंवा वाईट नसते, तिच्या भरात आपण जाणूनबुजून जे करतो त्याचा जाब असतो, असं ख्रिस्तसभा शिकवते. तेव्हा रागाने मुलीला टाकून बोललात तर ते जरूर सांगा, आणि मुलीचीही क्षमा मागा. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत एकटीने राबायचं, महिन्यातून एकदा ‘मी कुरकुर केली’ म्हणायचं आणि घरी येऊन पुन्हा त्याच ओट्याशी उभं राहायचं, यात मूळ गोष्ट कुणापुढेच येत नाही. घरात अन्याय होतो आहे, आणि तुम्ही तो स्वतःचा दोष म्हणून कबूल करत आला आहात. पुढच्या वेळी फादरांना सगळं चित्र सांगा. कोण किती वाजता उठतं, कोण काय करतं, कोण कधी झोपतं. पापस्वीकाराच्या रांगेत तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून पॅरिशच्या ऑफिसात वेगळी वेळ मागून घ्या.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातली मार्था तुम्हाला ठाऊक आहे. प्रभू घरी आला तेव्हा ती कामात गुंतली होती आणि तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. हा उतारा दाखवून आजवर बायकांना पुष्कळदा गप्प केलं गेलं आहे. पण तो सावकाश वाचा. मार्था मनातल्या मनात कुढत बसली नाही. ती सरळ प्रभूपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, बहिणीने सगळं काम माझ्या एकटीवर टाकलं आहे, याचं तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? प्रभू तिच्यावर रागावला नाही. त्याने तिला दोनदा नावाने हाक मारली, तिची काळजी आणि दगदग ओळखली, आणि मरियेने निवडलेली जागा तिच्याकडून काढून घेतली जाणार नाही, असं सांगितलं. प्रभूच्या पायाशी बसून ऐकायचा हक्क बाईलाही आहे, हे त्या घरात ठरलं. तुमच्या घरात मात्र ती जागा रोज संध्याकाळी तुमच्याकडून काढून घेतली जाते. बाकीचे चौघं घरच्या अल्तारासमोर आणि तुम्ही पोळपाटाशी.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी छोटी आहे. चपात्या होईपर्यंत रोझरी सुरू करायची नाही. एकाने कणीक मळावी, एकाने लाटाव्यात, एकाने भाजाव्यात, मुलाने ताटं आणि पाणी घ्यावं, आजींनी बसल्या बसल्या कोशिंबीर चिरावी. मग पाचही जणांनी एकत्र बसावं. रोजच्या रोझरीची रहस्यं, म्हणजे मननाचे प्रसंग, पाच, तुम्हीही पाच, प्रत्येकाच्या वाट्याला एक. बाकी काही जमायला महिने लागले तरी चालेल, पण हे याच आठवड्यात सुरू करा. यात कुणाशी वाद घालावा लागत नाही, आणि तुम्ही प्रार्थनेत हव्या आहात ही मागणी तुमच्या घरात कुणालाच नाकारता येणार नाही.

आता सासूबाईंचा पौल. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पती हा पत्नीचं मस्तक आहे असं लिहिलेलं आहे, हे खरं. पण त्याच्याआधी, एकविसाव्या वचनात, ख्रिस्ताच्या आदरापोटी सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहावं असं म्हटलं आहे. आणि पुढे पंचविसाव्या वचनात पतींना सांगितलं आहे की, ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी प्रीती पत्नीवर करा. पौलाच्या लेखी मस्तक होणं म्हणजे आधी स्वतःला देणं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयी लिहिलेल्या पत्रात हाच उतारा घेतला आणि ही अधीनता एकतर्फी नसून परस्परांची आहे असं सांगितलं. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कॅनन कायद्यातलं ११३५वं कलम म्हणतं की वैवाहिक सहजीवनात पती आणि पत्नी दोघांची कर्तव्यं समान आहेत आणि हक्कही समान आहेत.

सगळ्यात थेट बोलले ते पोप फ्रान्सिस. कुटुंबाविषयीचं त्यांचं ‘आमोरिस लेतित्सिया’ हे उपदेशपत्र २०१६च्या १९ मार्चचं, म्हणजे संत योसेफाच्या सणाच्या तारखेचं आहे. त्याच्या २८६व्या परिच्छेदात ते म्हणतात की पत्नीच्या नोकरीच्या वेळा पाहून पतीने स्वतःला जुळवून घ्यावं. घरातली कामं किंवा मुलांचं काही करण्याने त्याचं पुरुषपण उणं होत नाही, ते अपयश ठरत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मुलांना हे स्वाभाविक वाटेल असं त्यांना वाढवावं. हा परिच्छेद पतींना वाचायला द्या. ते रविवारी वेदीवरून वाचन करतात, तेव्हा वाचलेल्या शब्दाचं वजन त्यांना कळतं.

सासूबाईंना मात्र वचनांनी हरवायला जाऊ नका. वसईच्या त्यांच्या पिढीतल्या बायकांनी विहिरीचं पाणी शेंदलं, वाडीत राबल्या, भाजी आणि फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात गेल्या आणि परत येऊन चूल पेटवली. त्यांच्यासाठी कुणी कामाचा कागद केला नाही. तुम्ही आता वाटणी मागता तेव्हा त्यांना आपल्या सगळ्या आयुष्याची किंमत कमी होते आहे असं वाटू शकतं. त्यांच्याशी एकदा एकटीने बसून बोला. ‘आई, तुम्ही एवढं सगळं कसं ओढलंत? कोण होतं मदतीला?’ एवढंच विचारा आणि ऐकत राहा. नंतर नातवाला त्यांच्या हाताखाली द्या. बोंबील साफ करायला, कालवणाला वाटण करायला, बॉटल मसाला भाजताना मिरची कधी उतरवायची ते ओळखायला त्यांनी त्याला शिकवावं. आजीकडून शिकलेलं काम नातू करतो तेव्हा तिला त्यात मुलाचा अपमान दिसत नाही. सुनेने सांगितलेलं तेच काम कदाचित दिसेल.

पवित्र गुरुवारची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे बराच वेळ थांबले. योहानच्या तेराव्या अध्यायात पाय धुऊन झाल्यावर प्रभू शिष्यांना विचारतो, मी काय केलं ते तुम्हाला समजलं का? आणि सांगतो की तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत. बाहेरून आलेल्यांचे पाय धुणं हे त्या काळी घरातल्या सगळ्यात खालच्या माणसाचं काम होतं. प्रभूने ते मुद्दाम घेतलं, तेही जेवणाच्या मेजावरून उठून, कमरेला रुमाल बांधून. पुनरुत्थानानंतरही, योहानच्या शेवटच्या अध्यायात, रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य किनाऱ्याला येतात तेव्हा प्रभूने निखारे पेटवून ठेवलेले असतात, त्यावर मासे असतात, भाकर असते, आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. मृत्यूला जिंकलेला प्रभू दमून आलेल्या माणसांसाठी स्वतः मासे भाजतो. आपण मासळी खाणारी माणसं, हे चित्र आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. सात-सव्वासातला वसई स्टेशनवर उतरून घरी येणाऱ्या बाईला हातात चहाचा कप मिळावा, हे मागणं या शुभवर्तमानाच्या बाहेरचं नाही. तुमच्या पतींपाशी याच शब्दांत बोलायला हरकत नाही. पण टोमणा म्हणून नको. ज्या माणसाचे पाय वेदीपुढे धुतले गेले त्याला ही गोष्ट खरोखर समजू शकते, असा विश्वास ठेवून बोला.

ते ढोंगी आहेत असं मला अजिबात वाटत नाही. पॅरिशमध्ये ते मन लावून राबतात, कारण तिथे काम नेमून दिलेलं असतं. मंडप कुणाचा, पंगत कुणाची, हे मीटिंगमध्ये ठरतं. ते काम आपलं आहे हे त्यांना ठाऊक असतं. चुकलं तर त्यांना विचारलं जातं, झालं तर फादर सगळ्यांसमोर आभार मानतात. घरी कुणीच काही ठरवलेलं नाही. घरातलं सगळं तुमच्या डोक्यात असतं. गॅस कधी संपेल, कुणाचा युनिफॉर्म धुवायचा, आईंच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, उद्यासाठी वाल भिजवायचे आहेत, रविवारच्या धर्मशिक्षणाची वही कुठे आहे. त्यांनी कधी विचारलंच ‘काही करू का?’, तर सांगण्यापेक्षा स्वतः केलेलं बरं असं तुम्हाला वाटत असणार. हे फक्त तुमच्या घरातलं नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. आणि पाहणीच्या दिवशी मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात सव्वीस.

यावर मला पटलेला सगळ्यात जुना उपाय मठातला आहे. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातला पस्तिसावा अध्याय स्वयंपाकघराचा आहे. आजारी किंवा दुसऱ्या महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडून कुणालाही स्वयंपाकाच्या सेवेतून सूट नाही. पाळी आठवड्याची. ज्याचा आठवडा संपतो त्याने शनिवारी साफसफाई करायची, हात-पाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड परत द्यायची. पाळी संपवणारा आणि पाळी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. जे अशक्त आहेत त्यांना सोबतीला माणूस द्यायचा, म्हणजे त्यांना ही सेवा जड होणार नाही. या नियमाने घडलेले मठ आजही आहेत. प्रार्थनेत आयुष्य घालवणाऱ्या पुरुषांना भांडी घासण्याने कमीपणा येत नाही, हे चौदा-पंधरा शतकं तिथे दिसत आलं आहे.

तुमच्या घरी असा आठवडा लावा. मात्र काम तुकड्यांनी देऊ नका. ‘जरा भांडी विसळता का’ असं म्हटलं की लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहतं. रात्रीचं स्वयंपाकघर पूर्ण त्यांच्याकडे द्या. भांडी, ओटा पुसणं, दूध तापवणं, विरजण, कडधान्य भिजवणं, कचरा, शेवटी दिवा बंद करणं. या सगळ्यात त्या आठवड्यात तुमचा हात नाही आणि तुमची आठवणही नाही. वाल भिजवायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी अंडी होतील, काही बिघडत नाही. इथे तुम्हालाही एक जड गोष्ट करावी लागेल. त्यांनी घासलेलं पातेलं तुम्ही पुन्हा घासायचं नाही. त्यांच्या घड्या तुमच्यासारख्या येणार नाहीत, तरी कपाटात तशाच ठेवायच्या. पाठीमागे उभं राहून ‘असं नाही, तसं’ म्हणत राहिलात, तर महिन्याभरात काम परत तुमच्याकडे येईल. अशी घरं मी पाहिली आहेत.

परवडत असेल तर भांड्यांना बाई जरूर लावा, तिला योग्य पगार आणि आठवड्याची सुट्टी देऊन. पण तिच्यामुळे एक काम सुटेल, घराची वाटणी होणार नाही.

बोलायचं कधी? रात्री दहाला, तुम्ही भांड्यांत आणि ते टीव्हीसमोर, तेव्हा नक्कीच नाही. रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, चहा झाल्यावर. आधी एक आठवडा घरात जे जे काम होतं ते एका कागदावर लिहीत जा, लहानसहानसुद्धा, आणि शेजारी करणाऱ्याचं नाव. आरोप म्हणून वाचून दाखवू नका. कागद त्यांच्या हातात द्या, त्यांना वाचू द्या, आणि विचारा, ‘यातलं तुम्ही पूर्णपणे काय घ्याल?’ निवड त्यांना करू द्या. एकदा आपण होऊन घेतलेलं काम ते पॅरिशच्या कामासारखंच निभावतील, असा माझा अंदाज आहे. घरच्या शांतीचं तुम्ही विचारलंत. आज तुमच्या घरात जी आहे ती शांती तुमच्या गप्प राहण्यावर उभी आहे, आणि आपटलेल्या भांड्यांतून ती रोज थोडी फुटतेच आहे. पहिले काही आठवडे तणाव येईल. तो येऊ द्या.

मुलांच्या बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड सुचवणार नाही. मुलगी भांड्यांना आणि मुलगा मोकळा, हे आजच थांबवा. वेदीसेवक म्हणून सूट देणं तर उलटंच आहे. वेदीवर तो काय करतो? पाणी आणि द्राक्षारस आणून देतो, फादरांच्या हातावर पाणी घालतो, रुमाल पुढे करतो. हात धुवायला पाणी देणाऱ्या मुलाला घरी ताटं उचलायला लावणं हे त्याच सेवेचं शिक्षण आहे. त्याला हे असंच सांगा, तो समजेल. दहा वर्षांचा मुलगा केर काढू शकतो, बाटल्या भरू शकतो, कपडे वाळत घालून घड्या करू शकतो, लसूण सोलू शकतो. तेरा वर्षांची मुलगी कुकर लावू शकते. पण दोघांच्याही वाट्याला सगळी कामं आळीपाळीने आली पाहिजेत. आज तुमची मुलगी बघते आहे की प्रार्थनेच्या वेळी आई आत असते आणि बाबा बाहेर. ती उद्या लग्नपूर्व शिबिरात बसेल तेव्हा तिथे समानतेवर कितीही चांगलं सांगितलं, तरी ती घरी पाहिलेलंच धरून चालेल. आणि तुमचा मुलगाही.

रविवारविषयी एक वेगळी गोष्ट सांगते, कारण आपल्याकडे घरातल्या बाईचा सगळ्यात कष्टाचा दिवस तोच असतो. मिस्सा, मग मटण, मग पाहुणे, मग भांड्यांचा डोंगर. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाच्या आज्ञेत विश्रांती कुणाकुणाला द्यायची त्याची यादी आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. बैलापर्यंत ज्या आज्ञेने विचार केला, ती घरातल्या आईला वगळणारी असूच शकत नाही. रविवारचं जेवण साधं करा. किंवा मटण हवंच असेल तर पतींनी आणि मुलांनी करावं, तुम्ही मिस्सेनंतर मैत्रिणीकडे जाऊन बसा.

कुणी तुम्हाला सुचवेल की उपवासकाळ आला की पतींना हे व्रत म्हणून करायला सांगा, चाळीस दिवस दारू-मटण सोडतात तसं. ते करू नका. व्रत ईस्टरला सुटतं. घरकामातला स्वतःचा वाटा उचलणं हे प्रायश्चित्त नाही, लग्नाच्या वेळी वेदीपुढे दिलेल्या वचनातलाच तो एक भाग आहे. तो उपवासकाळापुरता मर्यादित ठेवला, तर ईस्टरच्या सोमवारी तुम्ही पुन्हा एकट्याच ओट्याशी उभ्या असाल.

तेव्हा या आठवड्यात रोझरीचं तेवढं सुरू करा आणि कागद लिहायला घ्या. पुढच्या रविवारी तो पतींच्या हातात द्या. पहिली पाळी त्यांना घेऊ द्या, दुसरी तुम्ही घ्या, तिसरी दोन्ही मुलांना मिळून द्या, आणि आजींना प्रत्येक पाळीत एक बसून करायचं काम. पाळी बदलायची ती रविवारी मिस्सेहून आल्यावर, आधीच्याने ओटा स्वच्छ करून दिल्यानंतरच. पहिल्या सोमवारी सकाळी निघताना स्वयंपाकघरात डोकावायला परत वळू नका. लोकल पकडा.

तुमची,
सदरलेखिका